जाळून घेतलेली पुंगळी

हरिबा मोटे हवालदाराच्या घरात चकाकण्यासारखं जे काही होतं ते चकाकत होतंच, आणि जे नव्हतं तेही त्याच्या हातून सुटत नसे. दाराची कडी, सायकलची घंटी, टाकीची तोटी, बोकडाच्या गळ्यातली घुंगरं, सगळ्यांची पाळी ठरलेली. एकदा त्यानं सासूबाईंचा जुना अडकित्ता इतका घासला की त्याची धारच गेली आणि सुपारी त्यात फुटायच्याऐवजी नुसती दबून बसायला लागली. तोफखान्यात नोकरी झालेली. पट्ट्याच्या बक्कलात साहेबाला स्वतःच्या मिशा दिसल्या पाहिजेत असा तिथला कायदा, आणि पेन्शन सुरू झाली तरी तो कायदा हरिबानं मोडला नव्हता. "चमक म्हंजे शिस्त," असं तो म्हणे. त्यावर बायको सुलाबाई म्हणे, "मग जरा धार बी ऱ्हाऊ द्यायची शिस्तीत."

तोफखान्यानं त्याला पेन्शन दिली आणि त्या बदल्यात डावा कान ठेवून घेतला. उजवा चांगला होता, पण डाव्या कानाशी ढोल बडवला तरी हरिबाला पत्ता लागत नसे. ही गोष्ट सुलाबाईशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. पोटच्या राणीलाही नाही. तिला वाटे, आबांचं बोलण्याकडं लक्ष नसतं, आणि बापांचं नसतंच म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

लपवायचं कारण होतं शेजारचा बिराप्पा. बिराप्पाला माणसांची नावं पाडायचा नाद. पायानं अधू असलेल्या एका म्हाताऱ्याला तो तोंडावर एक्स्प्रेस म्हणत असे आणि आता त्याची सूनही त्याच नावानं त्याला जेवायला हाक मारत होती. कान गेलाय हे बिराप्पाला कळलं की दुसऱ्या दिवशी हरिबाचा बहिरोबा होणार, यात हरिबाला शंका नव्हती. शिवाय गावात बहिरोबाचं देऊळही होतं. म्हणजे ते नाव कायमचं चिकटणार. म्हणून चावडीवर तो उजवा कान माणसांकडं आणि डावा भिंतीकडं करून बसे. चुकून कुणी डावीकडं बसलंच तर "व्हय व्हय" म्हणून मान हलवी. जगातल्या निम्म्या बोलण्याला "व्हय व्हय" हे उत्तर पुरतं. त्या जोरावर त्यानं गावात बरीच वर्षं काढली.

राणीच्या लग्नात मात्र ते पुरलं नाही.

राणीचा सासरा नानासो इस्लामपूरचा, उसाच्या पट्ट्यातला माणूस, मानाला जपणारा. जेवणाच्या पंगतीत तो नेमका हरिबाच्या डाव्या अंगाला बसला. व्याह्यानं व्याह्याला घास भरवायची रीत. नानासोनं जिलेबीचा तुकडा उचलला, हात पुढं केला आणि म्हणाला, "पावनं, आमच्या हातचा घास घ्या." हरिबा त्या वेळी पंगतीच्या उजव्या टोकाला मठ्ठा पोचला नाही म्हणून वाढप्यांवर ओरडत होता. नानासो दुसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला. व्हिडिओवाला समोरून सगळं टिपत होता. शेवटी नानासोनं तो तुकडा ताटात ठेवला, हात धुतला आणि उठला. "मिलिटरीचा ताठा हाय," एवढंच म्हणाला.

हरिबाला हे कळलं तेव्हा मंडपाच्या कनाती सुटत होत्या. सुलाबाई म्हणाली, "आवं, सांगून टाका की कानाचं." हरिबा म्हणाला, "ताठ बापाची लेक म्हनू देत राणीला. बहिऱ्याची नगं." हट्टापुढं शहाणपण चालत नाही, आणि तोफखान्यातल्या हट्टापुढं तर बायकोचंही चालत नाही.

झालं, जावई रुसला. रविराज तसा वाईट पोरगा नव्हता, पण बापाचा अपमान म्हणजे अपमान. त्याच वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि त्यात जावयाला बोलावून, पुरणाचे धोंडे खाऊ घालून, त्याचे पाय धुऊन वाण द्यायचं असतं. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. सुलाबाईनं पीठ दळून ठेवलं. जावई आला नाही. राणीला माहेरी सोडायला तो यायचा, पण गावाच्या वेशीपर्यंत. तिथं तिला पिशव्यांसकट उतरवायचं आणि गाडी वळवून परत इस्लामपूर गाठायचं.

त्या गाडीला आवाज असा होता की लांबून कळे. हरिबाच्या डाव्या कानानं बाकी जगाशी बोलणं सोडलं होतं, पण जावयाच्या गाडीची घरघर तेवढी त्याला आत कुठंतरी लागत असे. दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसून तो ती घरघर जवळ येताना ऐके, मग ती वेशीशी थांबे, वळे आणि लांब लांब जाई. थोड्या वेळानं राणी घामाघूम होऊन चालत येई. ते वळणं हरिबाच्या फार जिव्हारी लागे. त्या दिवशी बोकडाची घुंगरं दोनदा घासली जात.

तीन वर्षं गेली आणि धोंडा परत आला. राणीनं नवऱ्याच्या मागं लागून लागून त्याला राजी केलं आणि आदल्या दिवशी फोनवर बापाला बजावलं, "आबा, ह्या येळी काय बी वाकडं व्हता कामा नये. आता बिनसलं तर मी बी यायची न्हाई. किती येळा वेशीतनं वझं घिऊन चालत यायचं मी?" हरिबानं फोन उजव्या कानाला धरला होता, त्यामुळं सगळं नीट ऐकू आलं. रात्रभर तेच डोक्यात राहिलं.

सकाळी गाडी वेशीत आली आणि थांबली नाही. सरळ दारात आली. हरिबाला वाटलं, कुलदैवत बिरोबाचा नवस आत्ताच फेडावा. जावयाचे पाय त्यानं चकचकीत परातीत धुतले आणि कट्ट्यावर बसताना जागा अशी हेरली की डावीकडं भिंत आणि उजवीकडं जावई. गप्पा झक्क झाल्या. पाऊस, ऊस, टोलनाका, सगळं ऐकू आलं, सगळ्याला नेमकं उत्तर दिलं. रविराजच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत होती. राणी दारातून बघत होती आणि सुलाबाईला खुणावत होती की जमतंय.

रविराजचं इस्लामपुरात गाड्या सजवायचं दुकान होतं. दुसऱ्याच्या गाड्या सजवताना स्वतःच्या गाडीवर त्याचा विशेष जीव. मन मोकळं झालं तसा तो उठला आणि सासऱ्याला म्हणाला, "चला, गाडी दावतो." दोघं गाडीच्या मागं गेले. सायलेन्सरच्या टोकाला ज्या नळ्या बाहेर दिसतात त्यांना आपल्याकडं पुंगळ्या म्हणतात. तशा दोन जाडजूड पुंगळ्या गाडीच्या पोटाखालून बाहेर आल्या होत्या. रविराज उकिडवा बसला. हरिबाही बसला. आणि बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की जावई डाव्या अंगाला आहे. आता उठून बाजू बदलावी तर मागं मोरी आणि पुढं गाडी.

रविराज म्हणाला, "मामा, पुंगळी जाळून घेतलीया. कराडात."

डाव्या अंगानं वळसा घालून हरिबाच्या कानात जे शिरलं ते असं होतं: "मामा, पुंगळी जळून गेलीया. कराडात."

आता तुम्ही म्हणाल, एवढा फरक कळत नाही का. उजव्या कानाला कळला असता. पण डोळ्यांनीही डाव्या कानाचीच री ओढली. पुंगळ्यांच्या तोंडाशी निळा, जांभळा, थोडा तपकिरी असा डाग चढला होता, तव्याच्या कडेला चढतो तसा. जळलेलं लोखंड हरिबानं आयुष्यभर बघितलं होतं. त्याला फार वाईट वाटलं.

"अरारा," तो म्हणाला. "आसू द्या. मानूस जळून जातंय, तितं पुंगळीचं काय घिऊन बसलाय."

रविराजनं सासऱ्याकडं जरा चमत्कारिक बघितलं. त्यानं आणखी काही तरी सांगितलं, त्यात "ऐतवार" एवढाच शब्द हरिबाला लागला. बाकीच्याला त्यानं "व्हय व्हय" म्हटलं. रविराजच्या तोंडावरचं हसू गेलं आणि तो उठून आत गेला. हरिबानं त्याचा अर्थ असा लावला की पोराचा जीव त्या जळक्या पुंगळीत अडकलाय, पण सासऱ्याला तोंड उघडून काय सांगणार, म्हणून आडून सांगितलं. वाणाला परात दिली, कपडे दिले, ते सगळेच देतात. पण जावयाची जळलेली पुंगळी आरशासारखी करून देणारा सासरा पाच तालुक्यांत सापडणार नाही. हा विचार मनात आल्यावर त्याचे हात शिवशिवायला लागले.

जेवणं झाली. सुलाबाईनं जावयाला धोंड्यावर धोंडा आणि त्यावर तुपाची धार असं वाढलं. ज्येष्ठातलं ऊन, पोटात पुरण, वर पंखा. रविराज माजघरात आडवा झाला आणि घोरायला लागला. राणीलाही डुलकी लागली. हरिबानं ट्रंक उघडली.

आधी चिंच आणि मीठ. मग चुलीतली चाळलेली राख. मग पलटणीत असल्यापासून जपलेली पितळ घासायची पांढरी पेस्ट. पोतं टाकून तो गाडीमागं पालथा पडला. डाग चिवट होता, पण हरिबा त्याच्याहून चिवट. चिंचेनं काही होईना तेव्हा त्यानं बारीक पॉलिशपेपर काढला, वरून खाली, मग आडवा, जसं तोफेच्या तोंडाला करायचे तसं. आतूनही काठीला चिंध्या गुंडाळून नळी साफ केली, कारण नुसतं बाहेरून चमकवणं म्हणजे फसवणूक, असं त्यांचे सुभेदारसाहेब म्हणत. त्यात तो कोपरापर्यंत काळा झाला. मग पेस्ट, मग लोकरीचा तुकडा. आधी जांभळा गेला, मग निळा हटला. शेवटी दोन्ही पुंगळ्या अशा लखलखल्या की हरिबाला त्यात स्वतःच्या मिशा दिसल्या, आणि मिशांखाली हसूही.

त्यानं सुलाबाईला बोलावून दाखवलं. सुलाबाई म्हणाली, "झ्याक झाल्यात. खरं तुमी आंगूळ करा आता." इतक्यात डोळे चोळत राणी बाहेर आली. तिनं पुंगळ्यांकडं बघितलं, बापाच्या हाताकडं बघितलं आणि दाराच्या चौकटीला टेकली.

"आबा, निळं कुटं गेलं?"

"काडलं की," हरिबा म्हणाला. "जळलं व्हतं ते. पावनंच म्हनाले, पुंगळी जळून गेलीया."

"जाळून घेतलीया म्हनाले आसतील, आबा. जाळून घेतलीया. गॅसवर धरून मुद्दाम निळा रंग चडवत्यात. तीच तर शोभा. त्येच्यासाटनं कराडला दोन फेऱ्या मारल्या त्यांनी. ऐतवारी तितं शौकिनांच्या गाड्यांचा मेळावा हाय, तितं ही गाडी उभी करायची हाय. मला फडकं लावू देत न्हवते ते त्या पुंगळीला." एवढं बोलून राणी खाली बसली आणि पदर तोंडाला लावला.

सुलाबाईनं हळूच विचारलं, "डाव्या अंगाला बसलं व्हतं का वो पावनं?" हरिबानं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. जाळून घेतली आणि जळून गेली. एवढ्याशा फरकात लेकीचं माहेर बुडालं होतं. आता जावई उठणार, बघणार, राणीला गाडीत घालणार आणि जाणार. मग पुढचा धोंडा तीन वर्षांनी, तोवर कोण राहतंय कोण जातंय.

सुलाबाई बिचारी आत गेली आणि कपड्याच्या निळीची बाटली घेऊन आली. बायकांची अक्कल वाया जाऊ नये म्हणून हरिबानं तीही लावून बघितली. पण त्यानं स्वतःच पुंगळीवर इतका गुळगुळीतपणा आणून ठेवला होता की नीळ एक क्षणभरही टिकेना. सगळी ओघळून बंपरवर आली आणि बंपर निळा झाला. तो धुण्यात आणखी वेळ गेला. आत घोरणं चालू होतं, पण त्याचा सूर बदलला होता.

तेव्हा हरिबातला हवालदार जागा झाला. जाळल्यानं निळी झाली असेल तर परत जाळली पाहिजे. त्यानं पाना आणला, एका पुंगळीचा स्क्रू ढिला केला आणि ती उपसून घरामागच्या परड्यात नेली. परड्यातल्या चुलीवर सकाळी धोंडे झाले होते आणि निखारे अजून धगधगत होते. हरिबानं वर शेण्या रचल्या, चिमट्यात पुंगळी धरली आणि फुंकणीनं जाळ फुलवायला बसला. सासरा एका नळीनं दुसऱ्या नळीला फुंकर घालतोय, हे दृश्य कुणी बघितलं असतं तर देवऋषी बोलवायला धावलं असतं.

थोड्या वेळानं पुंगळीवर रंग चढायला लागला. पण निळा नव्हे, पिवळा. अगदी बिरोबाच्या भंडाऱ्यासारखा. हरिबानं मनात हात जोडले आणि बोलायला लागला. आपण मोठ्यानं बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. एका कानाच्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही.

"बिरोबा, तुजा भंडारा दावलास, लय बरं केलंस. खरं आता निळी कर. मला नगं, माज्या राणीसाटनं कर. पावनं गेलं की गेलं, बाबा. परत वेशीतनं माजी लेक पिशव्या वडत यायची. चूक माजी. नानासोचा घास चुकला त्यो बी माज्यापायीच चुकला, आन आता ही पुंगळी. त्या कानाला का न्हाई आग लागली, ह्या पुंगळीला निळं का हुईना..."

त्याच वेळी मागं काय झालं ते हरिबाला नंतर सुलाबाईनं सांगितलं. रविराज पाणी प्यायला उठला होता. मागच्या दारातून त्यानं बघितलं, तर सासरा त्याची पुंगळी चुलीवर भाजत बसलेला. आधी त्याला झोपेत असल्यासारखं वाटलं. मग तो संतापला. चार पावलं टाकून हरिबाच्या डाव्या खांद्याशी येऊन म्हणाला, "मामा, हे काय चाललंय?" हरिबानं मानही वळवली नाही. रविराज परत म्हणाला, "मामा, मी काय इचारतोय?" हरिबा फुंकणी फुंकत होता आणि उजव्या कानाशी शेण्या तडतडत होत्या. तिसऱ्यांदा रविराज ओरडला, आणि त्या ओरडण्यानं सुलाबाईच्या हातातला तांब्या पडला, पण हरिबा आपला बिरोबाशी बोलतोय. तेव्हा रविराज थांबला. कानावर पडणारं सगळं ऐकत उभा राहिला. घास, कान, वेस, पिशव्या. मग त्यानं सासूकडं बघितलं. सुलाबाईनं नुसतं स्वतःच्या डाव्या कानाला बोट लावलं आणि मान हलवली.

हरिबाला कळलं ते एवढंच की उजव्या अंगाला कुणीतरी उकिडवं बसलं आणि हळू आवाजात म्हणालं, "मामा, पुंगळी शिजली का?"

चिमटा सुटला. पुंगळी निखाऱ्यात पडली.

"पावनं," तो म्हणाला, "मला जळून गेलीया आयकू आलं."

"डाव्या कानाला?"

एवढी वर्षं त्यानं तो कान भिंतीला लावून सांभाळला होता. "व्हय," तो शेवटी म्हणाला. "त्यो कवाच गेलाय. तोफंनं."

"मग लग्नात नाना कुटल्या अंगाला बसले व्हते?"

"डाव्या," हरिबा म्हणाला.

रविराजनं काठीनं निखाऱ्यातली पुंगळी बाहेर ओढली. एका बाजूनं ती भंडाऱ्यासारखी पिवळी, दुसऱ्या बाजूनं निळी, मधे जांभळा पट्टा आणि त्यावर शेणीच्या राखेचा डाग बसलेला. खोटं कशाला सांगा, त्याचा चेहरा पडला. बाप मेल्यावर पडतो तेवढा नाही, पण पडला. त्यानं ती फिरवून फिरवून बघितली.

"मामा, आसली पुंगळी अख्ख्या कराडात कुनाची न्हाई."

"चांगलं म्हनताय का वाईट?"

"ते मलाबी कळंना," रविराज म्हणाला. मग त्याला हसू फुटलं. ते आवरेना. राणी काय झालं बघायला परड्यात आली, तर नवरा पोट धरून हसतोय आणि बाप डोळे पुसतोय. कुणाकडं आधी जावं हे तिला सुधरेना.

हसून झाल्यावर रविराजनं बापाला फोन लावला. परड्यात रेंज नव्हती म्हणून तो दाराबाहेरच्या कट्ट्यावर चढला. "नाना," तो म्हणाला, "त्या घासाचं सांगतो. मामांचा डावा कान काम करत न्हाई." पलीकडून नानासो म्हणाला, "कुनाचं काम?" रविराज म्हणाला, "काम न्हवं, कान." "कुनाचा कान?" शेवटी रविराजनं सगळा दम एकवटला आणि म्हणाला, "मामा डाव्या कानानं बहिरं हायत." बांधापलीकडं बिराप्पा कडबा रचत होता. त्याचे हात थांबले. मागोमाग आलेल्या हरिबानं ते बघितलं आणि ओळखलं की आपलं झालं.

पण फोनवर नानासो म्हणाला, "दे पावन्यास्नी. उजव्या कानाला लाव."

हरिबानं फोन घेतला. नानासो म्हणाला, "पावनं, तीन वर्सं त्यो घास माज्या डोक्यातनं गेला न्हाई. लगीन आटवलं की आदी तुमची फिरलेली मान आटवायची. आता एक खरं सांगा. तवा आयकू आलं आसतं तर घेतला आसता?"

"जिलेबी व्हती न्हवं?" हरिबानं विचारलं.

"जिलेबी."

"मग घेतला आसता," हरिबा म्हणाला. "आन दुसरा मागितला आसता."

पलीकडून आलेल्या हसण्यात थोडा खोकला होता आणि आणखीही काहीतरी होतं, पण ते हरिबानं स्वतःजवळ ठेवलं. त्यानं सुलाबाईला सांगितलं की नानासोसाठी धोंड्यांचा वेगळा डबा भर, तूप वेगळ्या वाटीत दे.

ऊन उतरल्यावर रविराजनं पुंगळी परत बसवली. गाडीच्या एका अंगाला भाजकी आणि दुसऱ्या अंगाला आरसा, असं ते ध्यान दिसत होतं. हरिबा म्हणाला, दुसरीही भाजून देतो. रविराजनं दोन्ही हात आडवे केले आणि नको म्हणाला. ऐतवारी कुणी विचारलं तर काय सांगणार, असं राणीनं विचारलं. "सासऱ्यानं केलीया म्हनीन," रविराज म्हणाला. "ह्येच्यावर कोन काय बोलतंय?" निघताना त्यानं सासऱ्याचे पाय धरले आणि उठताना मुद्दाम उजव्या बाजूला येऊन म्हणाला, "येतो मामा."

राणी गाडीत बसली आणि गाडी सुरू झाली. आतून साफ झालेल्या पुंगळ्यांनी अशी काही आरोळी दिली की बिराप्पाची म्हैस दावं तोडायला बघायला लागली. धूळ उडवत गाडी गेली. हरिबा दारातच उभा राहिला. घरघर लांब गेली, वेशीपर्यंत पोचली आणि तिथं थांबली.

तीन वर्षं तो हे ऐकत आला होता. आता पुढं काय येतं तेही त्याला ठाऊक होतं. काय चुकलं असेल, राणी काही बोलली असेल, का जावयानं उतरून परत एकदा पुंगळी बघितली असेल. घरघर परत सुरू झाली. वळली. आणि लहान होत जायच्याऐवजी मोठी व्हायला लागली.

मागून सुलाबाई डबा घेऊन धावत आली. "आवं, नानांचे धोंडे कट्ट्यावरच ऱ्हायले," ती म्हणाली. हरिबानं तिच्याकडं बघितलं नाही. त्याचं तोंड रस्त्याकडं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बिराप्पा बांधावर येऊन उभा राहिला होता, नेमका हरिबाच्या डाव्या अंगाला. दुपारपासून जिभेवर घोळवलेलं नाव त्यानं आता मोठ्या प्रेमानं वापरलं, आणि ते अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"बहिरोबा, तुजा जावई माघारी आला बग."

"आयकू आलं," हरिबा म्हणाला.